चार एसींना मेन एमसीबी किती अँपिअरचा? ३२, ४० की ६३?

तिसरंगेट · १२ एप्रिल, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. घर बेळगावात, टिळकवाडीत, खाली आई आणि आम्ही, वर भाऊ-वहिनी. बांधकाम २००९ चं. गेल्या वर्षापर्यंत दोन एसी होते. हॉलमध्ये दोन टनाचा इन्व्हर्टर आणि आईच्या खोलीत जुना, दीड टनाचा साधा. या मार्चमध्ये वरच्या दोन्ही खोल्यांत दीड-दीड टनाचे इन्व्हर्टर बसवले आणि तेव्हापासून रात्री मेन एमसीबी, म्हणजे घराचा मुख्य सुरक्षा-खटका, पडायला लागलाय. चारही चालू केल्या केल्या नाही, बऱ्याच वेळानं. बहुतेक साडेदहा-अकराच्या सुमाराला.

आईचं वय ७८. अंधारात ती उठून चालायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो. मी मोबाइलच्या उजेडात मेनपाशी जाऊन खटका वर करतो, तर तो लगेच बसतही नाही. चार-पाच मिनिटं थांबलं की मग बसतो.

मेनवर सी ३२ असं लिहिलंय. आमचा वायरमन म्हणतो ६३ चा टाकू, कटकटच नको. एसी बसवायला आलेला मुलगा म्हणाला ४० पुरे. दुकानदार म्हणतो डी टाइपचा घ्या. कुणाचं ऐकू? ज्यांच्याकडे तीन-चार एसी आहेत त्यांनी मेन काय ठेवलाय?

निपाणीची_माई · १३ एप्रिल, सकाळी ७:०५

दादा, ६३ अजिबात टाकू नका. आधी माझं ऐका.

आमच्या निपाणीच्या घरी अगदी हेच झालं होतं. तीन एसी, सिंगल फेज, ३२ चा मेन सारखा पडायचा. एकानं येऊन दहा मिनिटांत ६३ चा बसवून दिला. पडायचा थांबला, आम्हीही खूश. तीन आठवड्यांनी देवघराच्या भिंतीपाशी कसला तरी वास यायला लागला. जळकट नाही, गरम झालेल्या रबरासारखा. मला वाटलं कपाटामागं उंदीर-बिंदीर मेलाय, सगळं कपाट रिकामं केलं. शेवटी दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्यानं मीटरकडून येणाऱ्या पाइपातली वायर ओढून बघितली तर ती बाहेरच येईना. वरचं प्लॅस्टिक मऊ होऊन पाइपाला आतून चिकटलं होतं. पाइप फोडून काढली, तेव्हा दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या, मधे कागदाएवढी फट राहिलेली. वायर चारची (चार स्क्वेअर एमएमची) होती आणि तिच्यावर ६३ चा एमसीबी. अजून चार दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही झोप उडते.

भिंतीच्या आतलं दिसत नाही हो. पडणारा मेन निदान सांगतो तरी.

खटका_अनगोळ · १३ एप्रिल, सकाळी ८:४०

माई, तुम्ही लिहिलंय ते प्रत्येक वायरमननं डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीच्या, दारावर चिकटवून ठेवावं असं आहे. मी तीस वर्षं हेच काम करतोय.

तिसरंगेट, तुमच्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे. एमसीबीच्या आत दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी. जास्त करंट गेला की ती तापते, वाकते आणि खटका पाडते. याला वेळ लागतो. दुसरी कॉइल. शॉर्ट झालं की ती क्षणात खटका पाडते. तुमचा मेन बऱ्याच वेळानं पडतो आणि पडल्यावर लगेच बसत नाही, म्हणजे पट्टी तापलीय आणि गार होईपर्यंत बसू देत नाही. शॉर्ट नाही, लीकेज नाही. सरळसरळ ओव्हरलोड.

आता किती ओव्हरलोड? नियमाप्रमाणे एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीला तासभर तरी धरतो आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडतोच. ३२ चा असेल तर ३६ अँपिअरपर्यंत गप्प बसेल, ४६ ला नक्की पडेल. मधल्या पट्ट्यात कधी पडेल, कधी नाही. हे आकडे ३० अंश तापमानाचे. एप्रिलमध्ये बंद पेटीत शेजारी-शेजारी पाच-सहा एमसीबी तापलेले असले की तो आणखी लवकर पडतो.

डी टाइप विसरा. सी हा त्याच्या आकड्याच्या ५ ते १० पट करंटला झटक्यात पडतो, डी १० ते २० पटीला. डी मोठ्या मोटरी, ट्रान्सफॉर्मर, वेल्डिंग मशीन यांच्यासाठी. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्याला सुरुवातीचा धक्का नसतोच. तुमच्या जुन्या साध्या एसीला आहे, पण तो सी सहज पचवतो. उलट लांबच्या लाइनीवर खरंच शॉर्ट झालं आणि डीला लागतो तेवढा करंट मिळालाच नाही, तर तो झटक्यात पडणार नाही. वायर तापत राहील. आणि पट्टीचं काम डीमध्येही तसंच असतं, त्यामुळे तुमचा त्रास तसाही जाणार नाही.

मला तीन गोष्टी सांगा. मेनला खटके किती, दोन की चार? मीटरपासून डीबीपर्यंत वायर कितीची? आणि डीबीचं दार उघडून एक फोटो टाका.

जुनं_बेळगाव · १३ एप्रिल, सकाळी ९:१५

बेळगावात एका घरात चार एसी हे वाचून मन हळहळलं. माझ्या लहानपणी आमच्याकडे पंखा फक्त पाहुणे आले की लागायचा. अडीच हजार फुटांवरचं गाव, गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. मंगळुरी कौलं, अंगणात फणस, मे महिन्यात वळवाचा पाऊस ठरलेला. आता कौलं जाऊन स्लॅब आले, दिवसभर तापतात आणि रात्री सगळी उष्णता खोलीत सोडतात. झाडं तोडून रस्ते झाले. एसी लावणाऱ्यांना दोष देत नाही. म्हाताऱ्या माणसांना खरंच सोसत नाही आता.

कॅम्पातला · १३ एप्रिल, सकाळी ११:३०

एवढा विचार कशाला? एसीवरच्या स्टिकरवर जास्तीत जास्त करंट लिहिलेला असतो. दोन टनाचा ११, दीड टनाचे तिन्ही ८-८ धरा. ३५ झाले. त्यात पाव भाग वाढवा, ४४. बाकी घर धरून ५० किंवा ६३. मीटरपासून सोळाची वायर नवीन ओढा आणि निवांत राहा. खर्च होईल, पण एकदाच.

खटका_अनगोळ · १३ एप्रिल, दुपारी १:१०

कॅम्पातले साहेब, तुमची बेरीज बरोबर आहे आणि वायर बदलून मोठा मेन टाका म्हणताय तेही सुरक्षितच आहे. पण ३५ हा आकडा चारही एसी एकाच फेजवर, म्हणजे विजेच्या एकाच लाइनीवर, असले तरच खरा. तिथंच मला शंका आहे, म्हणून फोटो मागितला.

खानापूर_स्टँड · १३ एप्रिल, दुपारी ३:०५

माझं मधेच विचारतो, राग मानू नका. स्टँडजवळ औषधाचं दुकान, वर घर. सिंगल फेज. दीड टनाचे दोन इन्व्हर्टर एसी, फ्रिज दोन, एक एचपीची पंप मोटर. मेन ३२ डबल पोल, वायर दहाची. संध्याकाळी व्होल्टेज १८०-१८५ वर येतं. मेन ४० करू का?

खटका_अनगोळ · १३ एप्रिल, दुपारी ३:५०

करा. तुमची वायर दहाची आहे, ती ४० ला आरामात पुरते. एसीचे १६, फ्रिजचे ३, मोटरचे ६, दिवे-पंखे धरून २८ च्या आसपास. पण व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर एसी तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो. २३० ला ८ घेणारा १८० ला १० पर्यंत जातो. स्टॅबिलायझर लावला तरी मागून तो जास्तच ओढणार. म्हणून तुमच्याकडे ४० पटतो. मंजूर लोड किती आहे ते मात्र बिलावर बघा.

खानापूर_स्टँड · १३ एप्रिल, दुपारी ४:२०

बिल कानडीत आहे, शेजारच्या गौडरांच्या मुलीकडून वाचून घेतो. ती दर महिन्याला वाचून देते, बदल्यात तिला चॉकलेट.

तिसरंगेट · १३ एप्रिल, रात्री ९:४५

फोटो टाकलाय. मेनला चार खटके आहेत, एका दांडीनं जोडलेले. त्यावर ४पी सी ३२. मीटरपासून सहाची वायर आहे, बांधकामाच्या वेळची पावती सापडली. डीबीमध्ये तीन ओळी. वरच्या ओळीत पाच एमसीबी, मधल्या ओळीत दोन, खालच्या ओळीत एकच आणि बाकी जागा मोकळ्या.

मागवाला_खासबाग · १३ एप्रिल, रात्री १०:०५

अहो, सापडला की चोर! तुमच्याकडे तीन फेज आहेत. वरची ओळ म्हणजे आर फेज, मधली वाय, खालची बी. सगळे एसी वरच्या ओळीत बसवलेत. बिचारा एक बैल सगळी गाडी ओढतोय, दोन नुसते चालतायत.

आम्ही मागवाले, आम्हाला फेज म्हणजे काय ते रडून कळलंय. मागाची मोटर तीन फेजवर चालते. एक फेज गेला की मोटर थांबत नाही, दोन फेजवर घुरघुरत राहते, तापते आणि जळते. माझ्या वडिलांच्या शेडमध्ये एका रात्रीत तीन मोटरी गेल्या होत्या. तेव्हापासून सकाळी शेड उघडली की आधी तिन्ही दिवे बघायचे, मग माग. तीन फेजचा दिवा असलेल्या घरातसुद्धा हे कुणी बघत नाही, एसीवाला येतो आणि जिथं मोकळी जागा दिसेल तिथं वायर खोचून जातो.

चार पोलच्या, म्हणजे चार खटक्यांच्या, मेनला कुठल्याही एका फेजवर जास्त लोड आला तरी चारही खटके एकदम पडतात. म्हणून सगळं घर अंधारात.

खटका_अनगोळ · १३ एप्रिल, रात्री १०:३०

मागवाले, तुम्ही माझ्या तोंडातलं घेतलंत. तिसरंगेट, मेनला हातही लावू नका. सहाची वायर, पाइपातून, तीन फेज, म्हणजे तिची ताकद ३० ते ३६ अँपिअर. तिच्यावर ३२ हाच बरोबर. २००९ मध्ये ज्यानं बसवला त्यानं विचार करून बसवलाय. ४० सुद्धा मी टाकणार नाही.

मेन एमसीबी एसीसाठी नसतोच. तो वायरीसाठी असतो. वायर किती सोसते ते आधी, घर किती ओढतं ते नंतर. घर जास्त ओढत असेल तर वायर बदला, मग मेन. उलटं करायचं नाही. माईंच्या भिंतीत जे झालं ते उलटं केल्यामुळे.

एक विचारतो. रात्री साडेदहा-अकरालाच का पडतो? त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं?

तिसरंगेट · १३ एप्रिल, रात्री १०:५०

काका, तुम्ही विचारलंत आणि डोक्यात प्रकाश पडला. भाऊ उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, रात्री दहाला येतो. अंगावर सगळी काळी माती, उन्हाळा असला तरी गरम पाण्यानं अंघोळ. वरचा गीझर! तोही वरच्याच ओळीत आहे.

खटका_अनगोळ · १३ एप्रिल, रात्री ११:००

दोन किलोवॅटचा गीझर म्हणजे ९ अँपिअर. ३५ अधिक ९, चव्वेचाळीस. ३२ च्या एमसीबीला १.४ पट. तापलेल्या पेटीत पडणारच. भावाला काही बोलू नका, फाउंड्रीतून आलेल्या माणसाला गरम पाणी मिळालंच पाहिजे. गीझर दुसऱ्या फेजवर न्या.

रविवारी तुमच्या वायरमनला टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) घेऊन बोलवा आणि तिन्ही फेज आणि न्यूट्रल (करंटची परतीची वायर), चारही वायरींचा करंट मोजायला सांगा. अंदाज नको.

सदाशिवनगर_ताई · १४ एप्रिल, सकाळी १०:१०

मला एक कळत नाही. आमच्याकडे मेननंतर आरसीसीबी आहे, ६३ अँपिअर, ३० मिलीअँपिअर. पाऊस सुरू झाला की तो पडतो. ओव्हरलोड नाही, कारण एकच एसी चालू असतो.

खटका_अनगोळ · १४ एप्रिल, सकाळी १०:५५

अक्का, आरसीसीबी वेगळा प्राणी. तो ओव्हरलोड बघतच नाही, आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक आहे का एवढंच बघतो. ३० मिलीअँपिअर फरक झाला की पडतो, माणसाचा जीव वाचवायला. प्रत्येक इन्व्हर्टर एसीतून थोडंसं लीकेज असतंच. घरभरचं थोडं थोडं मिळून आणि वर आउटडोअरच्या जोडात पावसाचं पाणी, की झालं. एसींना वेगवेगळे आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) लावले तर एका एसीपायी सगळं घर बंद होत नाही आणि कुठल्या एसीतून करंट गळतोय तेही कळतं. पण आधी आउटडोअरपाशी जोड कसा मारलाय ते बघून घ्या. नुसती टेप गुंडाळून सोडलेली असते. आणि आरसीसीबी काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

अर्थिंगही बघा. आपल्याकडं जांभ्या-तांबडी माती, उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत होतो. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीसारखा ओलावा धरत नाही. आठवड्यातून एक घागर पाणी ओतत जा.

निपाणीची_माई · १४ एप्रिल, दुपारी १२:३०

बिलाचंही कुणीतरी बोला. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत, २०० युनिटच्या आत बसत होतो, एसी लावल्यापासून बाहेर. २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं.

कॅम्पातला · १४ एप्रिल, दुपारी १:००

माई, दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर तासाला दीड युनिट. रात्रीचे आठ तास २४ वर ठेवून इन्व्हर्टर निम्म्यातच भागवतो. १८ वर ठेवलात तर कंप्रेसर थांबायचं नावच घेत नाही. पंखा लावून २६ ठेवून बघा.

अनगोळकर, कालचं मान्य. मी फेजचा विचारच केला नव्हता. आज घरी आमचाही डीबी उघडून बघितला, तीनपैकी दोन एसी वायवर निघाले.

तिसरंगेट · १६ एप्रिल, रात्री ९:२०

मंडळी, रविवारचा वृत्तांत. वायरमन आला होता, तुमचे सगळे प्रतिसाद मी त्याला मोबाइलवर वाचून दाखवले. तोही मनमोकळेपणानं म्हणाला, मी डीबी उघडून बघायला पाहिजे होता.

चारही एसी २० वर लावून अर्धा तास चालवले. आर फेजवर ३४ अँपिअर, वायवर ५, बीवर २. न्यूट्रलवर ३०. गीझर लावल्यावर आर ४३. मोजायच्या आधी मी तोंडातल्या तोंडात काकांचा ४४ म्हणत होतो.

पण खरी गोष्ट पुढं आहे. मीटरकडून सप्लाय बंद करून मेन उघडला, तर न्यूट्रलचा स्क्रू काळा पडलेला. वायरमननं पेचकस लावला, तर तो अर्धा फेरा सहज फिरला, म्हणजे ढिलाच होता. वायर बाहेर काढली. काळं प्लॅस्टिक तपकिरी होऊन बोटभर आखडलेलं, टोकाच्या तारा निळसर-काळ्या, नखानं दाबल्या तर तुटत होत्या. न्यूट्रलच्या पोलची कडही वितळून वाकडी झाली होती.

खटका_अनगोळ · १६ एप्रिल, रात्री ९:४०

देवाची कृपा समजा. तीन फेजच्या घरात न्यूट्रल तुटला तर काय होतं माहीत आहे का? ज्या फेजवर लोड कमी, तिथल्या वस्तूंना २३० च्या जागी साडेतीनशे-चारशेच्या घरात व्होल्टेज जातं. टीव्ही, फ्रिज, एसीचे बोर्ड, सगळं एका मिनिटात. तुमचा लोड एकाच फेजवर होता म्हणून न्यूट्रलवर ३० अँपिअर, त्यात ढिला स्क्रू. तो पोल आता वापरू नका.

तिसरंगेट · १६ एप्रिल, रात्री १०:१५

मेन नवीनच घातला, तोच ४पी सी ३२. काकांच्या सांगण्याप्रमाणे चौकोनात १०००० छापलेला बघून घेतला, म्हणजे दहा हजार अँपिअरचा शॉर्ट तोडू शकणारा. जळकी वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापली, नवीन थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून लावली, प्रत्येक स्क्रू माझ्यासमोर आवळला.

हॉलचा दोन टनाचा आरवर ठेवला. आईचा एसी आणि गीझर वायवर, वरचे दोन्ही बीवर. हॉलला चारची वायर आणि सी २०, दीड टनांना अडीचची वायर आणि सी १६. परत मोजलं, चारही एसी आणि गीझर चालू. आर १४, वाय १८, बी १७, न्यूट्रल ५.

म्हणजे मेन बदलायचा होता तो आकड्यानं नाही, जळला म्हणून. मंजूर लोड ५ किलोवॅट निघाला, तो वाढवण्यासाठी हेस्कॉममध्ये (वीज कंपनीत) अर्ज करतोय. त्याचा दरमहा स्थिर आकार वाढेल, चालेल.

मागवाला_खासबाग · १६ एप्रिल, रात्री १०:२२

१४, १८, १७. तिन्ही बैल एका जोरानं चालालेत. वाचून बरं वाटलं.

जुनं_बेळगाव · १६ एप्रिल, रात्री १०:४०

आणि आई कशा आहेत?

तिसरंगेट · १७ एप्रिल, सकाळी ६:५०

काल रात्री दहाला झोपली, आत्ता उठली. सकाळी विचारत होती, रात्री दिवे गेलेच नाहीत का रे? भाऊ साडेदहाला गरम पाण्यानं अंघोळ करून झोपला.

काका, अनगोळला कुठं भेटाल ते निरोपातून कळवा. वहिनीनं कुंदा केलाय, डबा घेऊन येतो.

खटका_अनगोळ · १७ एप्रिल, सकाळी ७:३०

या की. येताना तो जळका पोल आणि वायरीचा तुकडा घेऊन या. माझ्याकडे दोन पोरं काम शिकायला येतात, त्यांना दाखवायचाय. आणि महिन्याभरानं सप्लाय बंद करून न्यूट्रलचा स्क्रू परत एकदा आवळून घ्या, तांब्याच्या तारा दबून बसल्या की तो थोडा सैल होतो.